'होय' म्हणणारं माणूस

परब गेला ते मला त्याच्या सुनेने, सुषमाने सांगितलं, तेही दाराची कडी न वाजवता. नुसतीच येऊन उभी राहिली, हातात दुधाच्या रिकाम्या बाटल्या. "काका, बाबा उठत नाहीत..." मी बनियनवरच समोरच्या दारात शिरलो. परब कुशीवर निजला होता, एक हात उशीखाली, अगदी रोजच्यासारखा. डॉक्टरांनी येऊन झोपेतच हृदय थांबलं म्हणून सांगितलं. सुरेश, त्याचा मुलगा, रडत रडत येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "बाबांना शेवटी काही आठवतच नव्हतं. एका परीने सुटले." महिना उलटून गेला, पण त्या वाक्याचा राग माझ्या मनातून जात नाही. परबला सगळं आठवत होतं. ते कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघे भांडुपच्या एकाच कारखान्यात होतो. तो फिटर, मी टाइम ऑफिसात. पुढे मुलुंडला एकाच मजल्यावर समोरासमोर जागा घेतल्या. तो मालवणकडचा, मी साताऱ्याचा. त्याच्या घरात मासळी, माझ्या घरात स्टोव्ह आणि एक पातेलं, कारण लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही. इंदूवहिनींनी मला वाढलेल्या जेवणाचा हिशेब कुणी ठेवला असेल तर तो देवच. परब तसा कमी बोलणारा, पण गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की ऐकत राहावं. कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने मोठ्याने देवाला साकडं घालायचं. गावच्या देवांची नावं ठरलेल्या क्रमाने घ्यायची, आणि प्रत्येक नावानंतर, प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "होय महाराजा!" आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नोकरी लागो, कुणाच्या सुनेला दिवस जावोत, नारळ परबच्या हातात. रवळनाथ, सातेरी, भूमकादेवी, वेतोबा अशी नावं घेत घेत तो मुलुंडपर्यंत यायचा आणि पाण्याच्या बिघडलेल्या पंपालाही देवाच्या पदरात घालायचा. एकदा तर सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि ह्या जाधवाक कोण तरी बायल गावांदे रे महाराजा!" सगळ्यांत मोठा 'होय' स्वयंपाकघरातून आला. वहिनी कधी बाहेर येऊन हात जोडून उभ्या राहायच्या नाहीत. हातात झारा, समोर कढई, आणि तिथूनच असा खणखणीत 'होय महाराजा' द्यायच्या की बाहेरचे आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो.

वहिनी गेल्या त्या कावीळ होऊन, पंधरवड्यात. परब रडला नाही. सगळे म्हणाले, घट्ट माणूस आहे. वर्ष पाळून झालं, पुढच्या भाद्रपदात घरी गणपती आला, माणसं जमली, परबने नारळ ठेवला आणि सुरुवात केली. रवळनाथ झाला, सातेरी झाली, आम्ही सगळ्यांनी जोरात 'होय' म्हटलं... आणि परब थांबला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. ओठ हलत होते, पण पुढचं नाव येईना. कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरला." शेवटी सावंतांच्या बंड्याने कसंबसं पुरं केलं.

तिथून घसरण लागली. दुधाच्या केंद्रावर रिकाम्या बाटल्या घेऊन जायचा आणि त्याच रिकाम्या घेऊन परत यायचा. नातीचं नाव घेताना अडायचा. विचारलेल्या प्रश्नाला इतक्या वेळाने उत्तर द्यायचा की विचारणारा उठून गेलेला असायचा. जेवण सुटलं, दाढी वाढली. सुरेश घाबरला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मुलुंडच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, डोक्याचा स्कॅन काढायला. ते मशीन अजून मोजक्याच ठिकाणी आहे. नंबर लागायलाच कितीतरी दिवस गेले. सुरेशची पहिली पाळी होती, म्हणून मीच घेऊन गेलो. थंडगार खोली, अरुंद फळीवर परबला निजवला आणि त्याचं डोकं एका मोठ्या कड्यात सरकवलं. हलायचं नाही म्हणून बजावलं. एवीतेवी तो हलतच नव्हता. बाहेर आल्यावर विचारतो, "काय काय दिसला आसतला रे तेंका?"

"तुझं डोकं रिकामं आहे हे मला आधीच माहीत होतं, आता सरकारी फोटो मिळेल," मी म्हटलं. एरवी त्याने मला शिवी हासडली असती. त्या दिवशी नुसती मान हलवली.

रिपोर्ट घ्यायला सुरेशही आला होता. डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. काळी फिल्म दिव्यावर लावून त्यांनी दाखवलं, अक्रोडाच्या गरासारख्या आकृत्या ओळीने मांडलेल्या. म्हणाले, "मेंदू थोडा आक्रसलाय. या वयात बऱ्याच जणांचा असतो. यावरून विसरण्याचा आजार आहे असं मी ठामपणे सांगू शकत नाही. माणूस आतून फार खचला की त्याची आठवणही अशीच गेल्यासारखी दिसते. कधी दोन्ही असतं. आपण मनाच्या औदासीन्याच्या गोळ्या देऊन बघू, वेळ लागेल. पण त्यांच्याशी बोलत राहा. कामं सांगा, विचारत राहा."

घरी पोचेपर्यंत त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उरलं. आलेल्या-गेलेल्याला सुरेश फिल्म खिडकीशी धरून दाखवायचा, "हे बघा, बाबांचा मेंदू आक्रसलाय." लोक त्या काळ्या कागदात बोट घालघालून बघायचे, चुकचुकायचे, आणि शेजारीच बसलेल्या परबला काही विचारायचे नाहीत. गोळ्या वेळेवर मिळत होत्या, सुषमाने कधी हयगय केली नाही. पण दूध आणायला दुसरं कुणी जाऊ लागलं, गॅसचा नंबर लावायला दुसरं कुणी, आणि गाऱ्हाणं बंड्या कागदावरून वाचू लागला. परबची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारापाशी सरकली, येण्याजाण्याच्या वाटेत नको म्हणून. मी एकदा सुरेशला म्हटलं, अरे, त्यांना विचार तरी. तो म्हणाला, "काका, स्कॅनमध्येच दिसलंय ना..." त्यापुढे मी टाइम ऑफिसातला माणूस काय बोलणार!

मग एक दुपार. नवराबायको कामावर, नात शाळेत, दार नुसतं लोटलेलं. मी आत पाऊल टाकलं तर परब देव्हाऱ्यापुढे उभा. नारळ नाही, काही नाही. गाऱ्हाणं घालत होता, अगदी खालच्या आवाजात. रवळनाथ. थांबला. सातेरी. थांबला. भूमकादेवी, वेतोबा... एकही नाव सुटलं नाही, क्रम चुकला नाही. प्रत्येक नावानंतर तो 'होय'ला लागेल तेवढा वेळ थांबायचा, स्वयंपाकघराकडे कान द्यायचा, आणि पुढे जायचा. पुढच्या नावाला मी दारातूनच म्हटलं, "होय महाराजा."

तो वळला. म्हणाला, "मी काय इसारलंय नाय रे, जाधवा. होय म्हणणारा माणूस गेला... मगे पुढचा तोंडात येना नाय." आणि थोड्या वेळाने, "तुझो होय लय मेंगळट. मोठ्यान म्हण."

त्यानंतर रोज दुपारी मी जायचो. तो म्हणायचा, मी होय म्हणायचो, तो माझ्या आवाजाला नावं ठेवायचा. गोळ्यांनी गुण आला की कुणीतरी उत्तर देऊ लागलं म्हणून, मला ठाऊक नाही, पण हळूहळू तो दाढी करायला लागला होता. मालवणी देव साताऱ्याच्या माणसाला पाठ झाले. सुरेशला सांगितलं तर त्याला वाटलं, मी म्हाताऱ्याचं मन राखतोय. दिवस मजेत जात होते असं मी म्हणणार नाही. तो फार एकटा होता, आणि मी समोर बसल्याने ते पुरतं भरून येणारं नव्हतं. पण त्या अर्ध्या तासात तो होता, पुरा होता.

परवा सुरेश माझ्याकडे आला. त्याला नव्या कंपनीत रुजू व्हायचं होतं आणि नारळ ठेवायचा होता. बंड्या गावी गेलेला. "काका, तुम्ही म्हणायचात ना, तुम्हाला येतं म्हणून?" मी गेलो. धुतलेला सदरा घालून देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो. रवळनाथाचं नाव घेतलं. सुरेश, सुषमा, नात, तिघांनी हात जोडून म्हटलं, "होय महाराजा." सातेरीचं घेतलं. "होय महाराजा." चांगलं म्हणाले, मनापासून म्हणाले. पण माझा कान स्वयंपाकघराच्या दारापाशी, त्या खुर्चीकडे लागला होता. तिथून कुणी मला मोठ्याने म्हण म्हणालं नाही... आणि रोज दुपारी ऐकलेलं, तोंडपाठ असलेलं पुढचं नाव मला येईना. ओठ हलले तेवढेच.

सुरेशने जरा वेळ वाट बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फार प्रेमाने म्हणाला, "राहू द्या काका. या वयात होतं असं."