बुधवारचा मासा

"सही करा आणि विषय संपवा, जाधव," देशमाने साहेब म्हणाले.

नोट एका पानाची होती. कॅन्टीनला दर बुधवारी लागणारा मासा यापुढे पैठणच्या मच्छीमार सोसायटीऐवजी पुण्याच्या एका आयातदाराकडून घ्यायचा. मी वाळूजच्या एका कारखान्यात कॅन्टीन इन्चार्ज होतो, आणि परचेस नोटवर पहिली सही माझी लागायची. साहेब एचआर मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण कमी दर दिसला की त्यांना पुढचं काही दिसायचं नाही.

आयातदाराचा सेल्समन शेजारीच बसला होता. टेबलावर परदेशी माशाचं गोठलेलं पाकीट. पांढरे, बिनकाट्याचे तुकडे. याला फिलेट म्हणतात.

"इतका स्वस्त कसा?" मी विचारलं.

"करार झालाय ना सर. ड्युटीत सवलत मिळते."

बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार कर लावतं, तीच ड्युटी. ज्या देशाशी करार होतो, त्याच्या मालाला ती कमी लागते. कधी कधी सवलतीत किती माल येऊ द्यायचा याची मर्यादाही ठरवतात. त्याला म्हणतात कोटा.

"मग याला कोटा किती?"

"कोटाबिटा काही नाही. लागेल तेवढा घ्या," तो हसून म्हणाला.

मला त्या हसण्याचा राग आला. जायकवाडीच्या पाण्यावर जगणारी सोसायटीची माणसं मला माहीत होती. ही माणसं बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून धरणात सोडतात आणि मग मासा वाढायची वाट बघतात. त्यांचं पक्कं गिऱ्हाईक एकच, आमचं कॅन्टीन. बाकी सगळा व्यापाऱ्याच्या मर्जीचा मामला. बुधवार गेला असता, तर निम्म्या घरांना जाळी गुंडाळून कंपन्यांच्या गेटवर कामासाठी उभं राहावं लागलं असतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना आणि सेल्समनला भटारखान्यात बोलावलं. त्यांच्यासमोर मासा आधी गोठलेला तोलला आणि मग चाळणीत ठेवला. बर्फ वितळल्यावर परत तोलला. तिसरा हिस्सा पाणी होऊन खाली गेला होता.

"ते ग्लेझिंग आहे सर," सेल्समन म्हणाला. "मासा सुकू नये म्हणून बर्फाचा थर देतात."

"थर द्या ना. ही तर रजई पांघरलीय."

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. "बर्फ वजा केला तरी थोडा स्वस्तच पडतोय, जाधव."

ते खरं होतं. उरला तो फरक सवलतीचा, आणि तो काही चाळणीतून गळत नाही. वर साहेबांनी तक्रारवही पुढं केली. अर्ध्या तासाच्या सुट्टीत कामगारांनी जेवायचं की काटे काढायचे? तेही खरंच होतं.

तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्ष सुमनबाई येऊन पोचल्या. मीच रात्री फोन केला होता.

"बाई, तुमच्या माशात काटे फार," साहेब म्हणाले.

"मासा हाय साहेब तो, ढोकळा नाय."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊ, बारका रोहू देतो म्हणून काटे लई. तीन किलोच्या वरचा कटला देते. त्याचा काटा मोठा असतो, हातानं निघतो. पण त्याला मोठ्या आसाची जाळी लागतील."

आस म्हणजे जाळ्याचं भोक. मोठं भोक घेतलं की बारका मासा निसटतो, म्हणजे हातातली कमाई पाण्यात सोडायची.

"तुमचे लोक ऐकतील?" मी विचारलं.

"ऐकतील. न्हाय ऐकलं तर मी हाय ना."

"आणि दर?" साहेब.

"दर त्योच. ह्या परदेशी माशाला सरकारनं सवलत दिली. आमाला कोण देणार? तुमीच द्या."

मी पेन काढलं आणि नोटवर लिहिलं, 'सही करत नाही. मालात तिसरा हिस्सा बर्फ.' खाली तारीख टाकली.

"सरकारला चालतो तो मासा, तुम्हाला का चालत नाही?" साहेब भडकले.

"सरकारनं आणायची परवानगी दिलीय साहेब. खायची सक्ती केलेली नाही."

असा शेरा असलेला कागद वर पाठवायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढच्या बुधवारी कटला आला. दोन महिन्यांत माझी बदली ट्रान्सपोर्टला झाली. ती होणारच होती.

वर्षभरानं नव्या इन्चार्जनं परदेशी मासा सुरू केलाच. मला फार लागलं. मी सुमनबाईंना फोन केला.

"करू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "कॅन्टीनात खाल्लेली माणसं आता बजाजनगरच्या बाजारात आमचाच कटला मागत्यात. दुपारच्या आत पाटी रिकामी व्हती. तुमच्या कॅन्टीनला द्यायला आता मासा तरी कुठं हाय?"

ड्युटी काय, कोटा काय, शेवटी ती मुदतच असते, आपल्या माणसाला पाय रोवायला दिलेली. दिल्लीनं ती दिली नाही. मी माझ्या सहीपुरती दिली.