भालचंद्रची चौदा कलमं

डॉक्टर म्हणतात, या वयात आनंदी राहा, रक्तदाब ताब्यात राहतो. म्हणून मी रोज झोपण्यापूर्वी एक चित्र डोळ्यांसमोर आणतो: जानेवारीचं धुकं, दिल्लीबाहेरचा सामसूम रस्ता, आणि अंगावर गोधडी घेऊन टॅक्सीला धक्का मारणारा आमचा भालचंद्र. मला लगेच झोप लागते.

आधी माणूस सांगतो. भालचंद्र मूळचा कराडचा. दिल्लीत वीस वर्षं सरकारी खुर्ची झिजवली, आणि देशात नवं वारं सुटलं तसा राजीनामा देऊन मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी खात्यात शिरला. गुडगावला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाली म्हशी बसलेल्या, वर हा बसलेला. लिफ्ट दिवसातून चारदा बंद पडायची, तेव्हा म्हशी बऱ्या म्हणायची वेळ यायची. पण हा बोलायचा असा, की सगळी दिल्ली आता जुनी झाली आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधली माणसं तिच्याबरोबर.

याचा खास प्रांत म्हणजे मार्गदर्शन. मंडळाच्या गणपतीत कोणी म्हणालं, "माझी बहीण येतेय, गाडी रात्री पोचते," की हा खिशातून कागद काढणार. 'रात्री नवी दिल्ली स्टेशनावर एकट्याने उतरणाऱ्यांसाठी सूचना.' चौदा कलमं, टाइप केलेली, ऑफिसच्या खर्चाने झेरॉक्स मारलेली. खोटं कशाला बोलू, कलमं चांगली होती. पितळी बिल्ला असलेलाच हमाल घ्यावा आणि बिल्ल्याचा नंबर पाठ करावा. टॅक्सी प्रीपेड खिडकीवरूनच घ्यावी. खिडकी बंद आहे असं सांगणाऱ्याचं ऐकू नये, स्वतः जाऊन पाहावं. भाडं भरल्याची पर्ची घर येईपर्यंत ड्रायव्हरला देऊ नये. सामान डिकीत टाकू नये. फार उशीर झाला तर वेटिंग रूममध्ये उजाडेपर्यंत बसून राहावं.

हे उजाडेपर्यंत बसायचं आमच्या मंडळातल्या जुन्या अण्णासाहेबांना कोणी लिहून द्यावं लागलं नव्हतं. ते बासष्ट साली पहिल्यांदा दिल्लीत उतरले ते रात्री दोनला. ट्रंकेवर बसले, धोतराचा सोगा ट्रंकेच्या कडीला बांधला आणि सकाळपर्यंत रामरक्षा म्हणत राहिले. चौथी पास माणूस. त्यांचं काहीही चोरीला गेलं नाही, फक्त उठताना धोतर सुटलं.

असो. भालचंद्रचं चौदावं कलम मात्र त्याच्या हुशारीचा कळस होतं: 'अडचण आल्यास मराठी माणूस शोधावा. परक्या मुलुखात आपला माणूस आपल्याला फसवत नाही.' मी एकदा विचारलं, "भालचंद्र, गावाकडे आपल्याला फसवतात ते कोण, चिनी?"

"काका, यार तुम्ही पण ना!" म्हणाला. "बाहेर आलं की नातं वेगळं असतं. बिल्कुल वेगळं."

आता कुमुद. माझ्या भाचीची, कराडच्या मीनाक्षीची मुलगी. अठ्ठ्याण्णव साली तिला केंद्र सरकारात नोकरी लागली आणि ती आमच्याकडे राहायला आली. पण मीनाक्षीने तिच्याबरोबर नुसत्या सत्यप्रती दिल्या. मूळ कागद गाडीत हरवले तर काय, ही भीती. इकडे कचेरीतला बाबू म्हणाला, मूळ प्रमाणपत्रं आणा, सोमवारी दुपारी बाराच्या आत रुजू व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. एक मुदतवाढ आधीच देऊन झाली होती. पोरीने तीन वर्षं परीक्षा दिल्या होत्या. वडील नाहीत, मागे दोन भावंडं शिकणारी.

आणि आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिल्लीतलं कोणी गावाकडे गेलं की परत येताना तो माणूस राहत नाही, मालगाडी होतो. गोडा मसाला याच्याकडे, लोणच्याची बरणी त्याच्याकडे. त्या आठवड्यात लग्नाला कराडला कोण गेलं होतं? भालचंद्र. रविवारी संध्याकाळी सातला दिल्लीत पोचणार होता.

मीनाक्षी शहाणी बाई. एसटीडी बूथवरून तिने फोन केला. "मामा, कागद त्यांच्याकडे दिलेत, पण त्यांना सांगितलं नाहीये. ते गाडीभर सांगत सुटतील. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोधडीत शिवलेत. कुमुदला म्हणावं, निळ्या ठिगळाखाली."

मी म्हटलं, शाबास. पण हा बेत ऐकून कुमुदचा चेहरा उतरला. "आजोबा, मी स्टेशनवर जाते ना त्यांना घ्यायला."

मी भालचंद्रला दिल्लीहून निघण्यापूर्वीच तसं सुचवून पाहिलं होतं. तो हसला. "मला घ्यायला? मला? काका, त्या स्टेशनवर मी डोळे मिटून चालतो. सोमवारी सकाळी सातला तुमचं पार्सल तुमच्या दारात."

गाडी धुक्यात अडकली आणि रात्री एकला पोचली. पुढचं मला भालचंद्रच्या बायकोने, वृंदाने, सांगितलं. तिला ते त्यानेच सांगितलं होतं, आणि सांगताना ती पदराने डोळे पुसत होती. हसून हसून.

साहेब उतरले तेव्हा अंगात लग्नातला कोट. स्वेटर सुटकेसच्या तळाशी. थंडी अशी की दात वाजताहेत. सुतळीने बांधलेली ती गोधडी काखेत होती. गाडीत तिची उशी केली होती, आता इकडेतिकडे पाहून त्याने ती अंगावर ओढली. अंधारात कोण बघतंय! बाहेर येऊन प्रीपेडच्या खिडकीकडे वळला, तोच मागून आवाज आला:

"काय साहेब, साताऱ्याकडचे का?"

झालं. दिल्लीत मराठी आवाज कानी पडला की आपला माणूस पावसातल्या गुळासारखा होतो, आणि हा तर मुळात काकवी. "कशावरून ओळखलंत?"

"गोधडीवरून. आमची आई अश्शीच शिवते. मी जयदीप, कोरेगावचा. खिडकी आज बंद आहे साहेब, संप आहे. आम्ही मराठी मंडळी मिळून टॅक्सी केलीय, गुडगावलाच. एक सीट आहे बघा."

खिडकी पंचवीस पावलांवर होती. स्वतः जाऊन पाहावं, हे कलम सहावं, याच्याच हातचं. पण आपल्या माणसाचा अपमान कसा करायचा? सुटकेस डिकीत गेली. कलम नववं. पर्ची नव्हतीच. आत आणखी दोघं बसले होते, ते तोंडातून शब्द काढेनात. याने विचारलं नाही. याला बोलायला कान मिळाले होते. धौला कुआँपर्यंत याने त्यांना कारखाना सांगितला, फ्लॅट सांगितला, सातवा मजला सांगितला.

विमानतळाच्या अलीकडे टॅक्सी आचके देऊन थांबली. ड्रायव्हरशेजारी बसलेला जयदीप म्हणाला, "साहेब, धक्का मारावा लागेल."

दुसरा कोणी असता तर निदान शंका आली असती. हा मोटारीच्या सुट्या भागांचा माणूस! खाली उतरून त्याने ड्रायव्हरला निदान सांगितलं, "प्लगमध्ये कचरा आहे. सेकंड गिअर टाक, मी सांगतो तेव्हा क्लच सोड." बाकीचे दोघे दोन बाजूंना उभे राहिले, हा मधे, डिकीला हात लावून, स्वतःच्या सुटकेसला धक्का मारत. "सोड!" म्हणाला. त्याने सोडला. दोघांनी उड्या मारल्या, दारं लागली, आणि गाडी गेली. आमच्या मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर उदाहरण बरोबर सुटलं.

म्हणे पन्नास पावलं मागे पळत गेला, ओरडत, "अहो जयदीप!" अहो! चोरालासुद्धा मान दिला. सवय चांगली.

मग अर्धा रस्ता चालत, अर्धा दुधाच्या टेम्पोतून, पहाटे साडेचारला हा गुडगावला पोचला. इथपर्यंत सुटकेस गेली, पाकीट कोटाबरोबर वाचलं, आणि गोधडी अंगावर असल्यामुळे कुमुदचं नशीबही वाचलं होतं. पण सोसायटीच्या फाटकाशी दिवा होता. सातव्या मजल्यावरचा माणूस ठिगळांची गोधडी पांघरून लिफ्टमध्ये कसा शिरणार? त्याने ती उतरवली आणि चौकीदाराच्या अंगावर फेकली. "रख ले, ठंड है." वर दान केल्याचा भावही आणला असणार.

सोमवारी सात वाजले, साडेसात वाजले. मी फोन लावला. वृंदाने त्याला उठवलं.

"काका, बहोत बुरा हुआ. सुटकेस गेली. स्टेशनवर हल्ली काही राम राहिला नाही."

"आणि मीनाक्षीची गोधडी?"

"ती ना, ती सुटकेसमध्ये नव्हती. वॉचमनला दिली. काका, फाटकी गोधडी ती, मी कुमुदला छान रजई घेऊन देतो ना!"

मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. कुमुदने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

आम्ही धौला कुआँहून हरियाणाची बस पकडली. पोरगी उभीच. सीट होती तरी बसेना. मीसुद्धा त्या दिवशी तासभर गप्प होतो. आमच्या घरात हे अजून सांगतात. फाटकाशी पोचलो तर पाळी बदललेली. नवा चौकीदार म्हणाला, छिद्दालाल तर आठलाच गेला, मागे बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहतो. भालचंद्र वरून खाली आला होता. चिखल पाहून म्हणाला, "कुमुद, तू बस इथे, मी कुणाला तरी पाठवतो."

"भालचंद्रकाका," कुमुद म्हणाली, "तुम्ही आता कुणाला काही पाठवू नका."

विटांवरून, लोखंडावरून आम्ही गेलो. छिद्दालाल म्हणजे एटा जिल्ह्यातला साठीचा माणूस, पोत्यावर पोतं पांघरून झोपलेला. आणि गोधडी? खिळ्याला, घडी करून, टांगलेली.

"बाबा, ये ओढ़ी नहीं आपने?"

तो डोळे चोळत उठला. "बिटिया, इसमें कागज बोल रहा था. दबाया तो चुर्र हुआ. साहब नींद में थे, भूल से दे गए. शाम को लौटा देता."

पोत्याखाली कुडकुडला, पण दुसऱ्याचा कागद अंगाखाली घेतला नाही. एकही कलम न वाचलेला माणूस. भालचंद्र दारात उभा राहून हे ऐकत होता आणि हातरुमालाने बुटाचा चिखल पुसत होता.

उसवायला वेळ नव्हता. कुमुदने गोधडी तशीच उचलली. रिंगरोडवर बस रखडली, आणि बाबूच्या टेबलापाशी आम्ही पोचलो तेव्हा बाराला नऊ मिनिटं कमी होती. बाबू म्हणाला, "ओरिजिनल?" कुमुदने गोधडी त्याच्या फायलींवर पसरली, त्याच्याच पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड उचललं आणि निळं ठिगळ उसवलं. सगळी कचेरी उभी राहिली. पाचही कागद कोरडे. त्या बाबूने नाकावर रुमाल धरून शिक्का मारला, पण मारला.

पुढच्या रविवारी तिने ठिगळ पुन्हा शिवलं आणि गोधडी छिद्दालालला नेऊन दिली. मीनाक्षी फोनवर म्हणाली, "दे खुशाल, मी दुसरी घालते शिवायला."

भालचंद्रने कागद सुधारला म्हणतात. चौदावं कलम तसंच आहे, पंधरावं वाढलंय: 'अनोळखी वाहनास धक्का देऊ नये.' पण थंडी पडली की संध्याकाळी फाटकाशी छिद्दालाल निळ्या ठिगळाची गोधडी पांघरून उभा राहायचा आणि साहेबाला सलाम ठोकायचा. वृंदा सांगते, तेव्हा हे महाशय दोन्ही खिशांत किल्ल्या शोधत लिफ्टकडे जायचे. किल्ल्या हातात असायच्या.