बैठकीबाहेरची सुपारी

तात्या गेल्याचं मला बारामतीच्या एस.टी. स्टँडवर कळलं. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून पुण्याहून वरकुट्याला निघालो होतो. गावचे एक गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "तुझा चुलता गेला रं, लासुर्ण्यात. आता सरकारला शानपन कोन शिकवनार?" अशा वेळीही त्यांच्या तोंडून टोमणाच आला. वाटेत लासुर्ण्याला उतरलो.

त्याला आता महिना होऊन गेला. हे लिहावं की नाही, अजून नीट ठरत नाही... आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. तात्या मॅट्रिक होऊन मुंबईला सचिवालयात लागले होते. त्यांची शाखा ना रस्ते बांधी, ना कालवे खोदी. वेगवेगळ्या खात्यांचे प्रस्ताव मंत्र्यांपुढे जाण्याआधी तिच्याकडे येत, आणि काय करावं, त्याची झळ कोणाला बसेल, हे ती सरकारला सांगे. निर्णय मंत्र्यांचा. आपण काय सल्ला दिला हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, हा तिथला शिरस्ता.

मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, तुम्ही करता तरी काय? त्यांनी चंचीतून सुपाऱ्या काढून घोंगडीवर मांडल्या. "ही पाटबंधाऱ्याची, ही शेतीखात्याची, ही महसुलाची. तिघं बी आपल्या जागी खरंच बोलत्यात." चौथी सुपारी त्यांनी घोंगडीच्या बाहेर, मातीवर ठेवली. "ह्यो बैठकीला नसतो. त्याचं काय हुईल, ते आमी इचारायचं." मग एक सुपारी कातरून तोंडात टाकली, दोन परत ठेवल्या. चौथी मात्र धोतराला पुसून वेगळ्या कप्प्यात सारली.

पुढे कालव्याची चारी आमच्या वरकुट्यापर्यंत आणायचा प्रस्ताव तात्यांच्याच शाखेत गेला. आमच्या भावकीत वडीलधाऱ्याचा सल्ला घ्यायचा म्हणजे तो पाळायचाच. सल्ला आणि निकाल यांत आम्ही फरक केलेला नाही. त्यामुळे चारी आलीच असं धरून माझ्या वडिलांनी, आबांनी, तात्यांना देवळापुढे फेटा बांधला. तात्या सारखे म्हणत होते, "आबा, माझ्या हातात न्हाय ते." लोकांना तो विनय वाटला.

चारी नामंजूर झाली. पाणी लासुर्ण्यासारख्या वरच्या गावांच्या उसालाच राहिलं.

त्यानंतर तात्या घरी आले तेव्हा आबांनी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. "तू काय सल्ला दिलास?"

"ते सांगता येत न्हाय, आबा."

"म्या तुझा थोरला भाऊ हाय."

"म्हनूनच इचारू नका."

"मंग जा लासुर्ण्याला. सासरवाडीला पानी हाय की तुझ्या."

तात्यांनी उंबऱ्यातून पाय मागे घेतला. त्या घरात ते पुन्हा जेवले नाहीत. दुखणं वाढल्यावर रजा घेऊन ते खरोखरच लासुर्ण्याला गेले. खोलीच्या खिडकीतून ऊस दिसायचा. मी भेटायला गेलो की ते खिडकीकडे पाठ करून बसत.

स्मशानात आबा लांब, पाटाच्या कडेला उभे होते. परतताना मला म्हणाले, "तुला तरी बोलला आसंल."

"न्हाय, आबा."

"आमच्या इरुद्ध लिवलं म्हनला आसता, तरी चाललं आसतं रं... निस्तं बोलायचं तरी."

तात्यांनी आमच्या बाजूनं लिहिलं असेल आणि वर कोणी मानलं नसेल. किंवा आमच्या विरुद्धच लिहिलं असेल, आणि तेच त्यांना खरं वाटलं असेल. माझा जीव त्यांच्यावर होता, म्हणून त्यातलं सोयीचं तेवढं धरावं, हे मला बरोबर वाटत नाही.

चुलतीनं त्यांची चंची मला दिली. वेगळ्या कप्प्यात एक अख्खी सुपारी होती, हाताळून गुळगुळीत झालेली. मी ती आबांपुढे ठेवली आणि घोंगडीची गोष्ट सांगितली. आबांनी ती उचलून बोटांत फिरवली. "म्हंजी ह्यो आमी?"

"ठावं न्हाय, आबा."

आता जेवण झालं की आबा ती सुपारी काढतात. अडकित्त्यात धरतात... आणि तशीच कोनाड्यात ठेवून देतात.