आतोबांची पाण्याची बाटली

आमच्या आतोबांइतका पाहुणचाराला घाबरणारा माणूस उभ्या इंदूरमध्ये सापडायचा नाही. जिथे सकाळ पोह्यांशिवाय उजाडत नाही, त्या शहरात या शोधपत्रकाराने तीस वर्षं स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बड्या लोकांचे बंगले पालथे घातले. नियम एकच. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याच्याकडचा घोटही घ्यायचा नाही. "अरे भिया, चहा प्यायला की कलम अटकते ना," म्हणायचे.

जमिनी घेत सुटलेल्या एका कंपनीचा डायरेक्टर शोधत ते एकदा गौतमपुऱ्याला पोचले, तर तो निघाला आमच्या शहरातल्या एका शेठजींचा स्वयंपाकी. आपण डायरेक्टर आहोत हे त्या बिचाऱ्याला आतोबांकडूनच कळलं. हादरून त्याने दाल-बाफल्यांचं ताट पुढे केलं, तर आतोबांनी विचारलं, पीठ कोणाकडचं? शेठजींकडचं म्हटल्यावर उपाशी परतले. बातमी छापून आली आणि घाम मला फुटला. त्याच शेठजींच्या पलासियातल्या ऑफिसात मला नुकतीच नोकरी लागली होती.

तेव्हापासून आमचं घरही बाद. माझ्या लग्नाचा हॉल शेठजींच्या भावाचा निघाला, म्हणून आतोबांनी फाटकाबाहेरून अक्षता टाकल्या. त्या सगळ्या बँडवाल्यांच्या डोक्यावर पडल्या. सासरे अवाक, मी लाजेने अर्धमेला. पुढे दर सणाला यायचे, मुलांशी खेळायचे आणि बायकोने वाढलेल्या ताटासमोर बसून आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. मला याचा मनापासून राग यायचा. मी काय त्यांना लाच देत होतो?

गेल्या महिन्यात शेठजींनी आतोबांचं वर्तमानपत्रच विकत घेतलं. ऑफिसात पेढे वाटले. रविवारी सकाळी आतोबा दारात उभे, हातात बाटली नाही. मी पेढ्यांचा डबा घाईघाईने फ्रिजमागे सारला. ते बायकोला म्हणाले, "सूनबाई, पोहे मिळतील?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. आतोबांनी शेव आणि जीरावन मसाला घालून दोन प्लेट पोहे खाल्ले, वर आमच्या माठातलं पाणी प्यायले.

"काल इस्तीफा दिला," बोटं पुसत ते म्हणाले. "आता तुझ्या घरचं खायला काय दिक्कत?"

बायकोने विचारल्यावर त्यांनी तिसरी प्लेटही घेतली. त्यांनी आमच्याकडे खावं म्हणून मी पंधरा वर्षं रुसलो होतो. त्या सकाळी मात्र फार वाटलं, त्यांनी ती प्लेट बाजूला सारावी.