सायबिणीची डावी भिंत

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि फादरांपुढं कबुलीला गुडघे टेकले तेव्हाही नाही. तिथं लहानसहान पापं सांगत राहिलो. हे तेवढं घशात राहिलं.

गडहिंग्लजच्या पुढं टेकडीवर आमचं जुनं चर्च आहे. आत मारियेची मूर्ती – पण आम्ही ख्रिस्ती आणि आसपासचे हिंदू, सगळेच तिला सायबीण म्हणतो. इथला नवस जरा वेगळा आहे. सायबीण पावली, की माणूस यात्रेआधी येतो आणि चर्चची एक भिंत स्वतःच्या हातानं चुन्यानं रंगवतो. कित्येक पिढ्यांच्या नवसांचे थर आहेत त्या भिंतींवर. कुणाला कुठली भिंत द्यायची, ते मी ठरवायचो. यात्रेकरूंना चर्चचा इतिहास सांगायचो, तोही मीच. माझा शब्द चुकत नाही, असं सगळे मानत.

नव्वदच्या दशकात माझा चुलतभाऊ सांतान बिद्रीच्या साखर कारखान्यातली नोकरी संपवून गावी आला. वेदीच्या डाव्या भिंतीवर चुन्याचा एक पोपडा सुटला होता. मी तो रोज बघत होतो. त्यानं एकदाच बघितला – आणि त्याला आतला निळा रंग दिसला. मऊ कुंचला घेऊन तो दिवसचे दिवस तिथं बसला. सायबिणीच्या झग्याचा काठ निघाला. तिच्या पायाशी काष्टा घातलेल्या, डोक्यावर बुट्टी घेतलेल्या बायका निघाल्या.

“इनास, बघ की रं! आपली खापरपणजी असंल ही. नाक तुझंच हाय!”

तो हसला. मीही हसलो – आणि आतून जळालो. आयुष्यभर त्या भिंतीशी मी राबलो, आणि दिसलं कुणाला? फादरांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. इतिहासही तोच सांगू लागला. यात्रेकरू मलाच विचारू लागले, “पावणं, सांतानदादा कुठं हाईत?” तुम्ही समोर उभे असताना तुमची जागा रिकामी आहे असं समजून कुणी पुढं गेलंय कधी?

जुन्या चित्रांचा एक जाणकार आणायला सांतान कोल्हापूरला गेला. चित्र झाकायला भिंतीवर त्यानं धोतर टांगलं. जाताना म्हणाला, “ध्यान ठेव हां.”

त्याच सकाळी शेजारच्या गावची हौसाबाई आली. सून अवघड बाळंतपणातून वाचली होती, त्याचा नवस. ते धोतर – ते ती यायच्या आधीच मी काढून ठेवलं होतं. हेही सांगायला हवं.

“मामा, कुठली भिंत घिऊ?”

“हीच घे की. आधी खरवडून काढ, पोपडे सुटल्यात.”

वेदीजवळ अंधार असतो. अर्धवट निघालेलं चित्र जवळून ओलीच्या डागांसारखं दिसायचं. तारेचा ब्रश मीच तिच्या हातात दिला. मग बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आतून खरवडण्याचा आवाज येत होता. मी उठू शकलो असतो, नाही का? उठलो नाही.

सांतान त्या जाणकाराला घेऊन आला तेव्हा भिंत पांढरी, ओली होती. हौसाबाई कौतुकाची वाट बघत उभी. मी म्हणालो, “मी हिला मागची भिंत दाखवली होती.”

तिनं माझ्याकडं बघितलं. वाद घातला नाही. माझा शब्द चुकत नाही – तिनंही तेच मानलं, आणि स्वतःवरचा भरवसा सोडला. सांतान खाली बसला. बराच वेळ चुन्यावर बोट फिरवत राहिला. तिला एवढंच म्हणाला, “जाऊ दे, बाई.” पुन्हा कधी त्यानं कुणाला इतिहास सांगितला नाही. यात्रेकरू माझ्याकडं परत आले. मला बरं वाटलं. तेही लिहितो.

सांतान जाऊन काही वर्षं झाली. हौसाबाई दर यात्रेला येते, पण आत येत नाही. उंबऱ्याबाहेर मेणबत्ती लावते. एकदा मला विचारलं, “मामा, सायबिणीला मी खरवडलं. करंल व्हय ती माफ?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, “करंल, हौसा. केलं असंल.”

मी तिला माफी दिली.

डावी भिंत मी दाखवली होती. ब्रश माझा होता.