कच्च्या केळ्याचा बर्गर

जळगावातल्या नव्या रेस्टॉरंटात ऑफिसातल्या लोकांबरोबर जैन बर्गर खाल्ला आणि पहिल्याच घासाला थांबलो. कच्च्या केळ्याची टिक्की, चिंचेची गोड चटणी, लोण्यात भाजलेला पाव. ही चव माझ्या ओळखीची होती.

मी शाळेत असताना माय मला दाखल्यांच्या कामासाठी भडगावजवळच्या आमच्या गावाहून जळगावला आणायची. काम झालं की व्यापाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका हातगाडीवर मला बर्गर मिळे. गल्लीतली बरीच घरं जैन, बटाटा खात नसत, म्हणून गाडीवाला टिक्कीत केळं घाली. माय माळकरी. पाव म्हटला की त्यात अंडं असणारच, असं आमच्या गावात धरून चालत. त्यामुळे दर वेळी ती पाव उघडायला लावी, हुंगून बघे आणि विचारी, "भाऊ, यामा अंडं त नई ना?"

"अक्का, या गल्लीत अंड्याचं नाव काढलं तर लोक गाडीसकट मला उचलून फेकतील!"

तरी ती स्वतः कधी खात नसे. मी खाई, ती गाडीवाल्याच्या हातांकडे बघत उभी राही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ते तिच्यामुळे. म्हणून हा बर्गर तिला एकदा तरी खाऊ घालायचा, असं मी ठरवलं आणि पुढच्या रविवारी तिला घेऊन गेलो. आश्चर्य म्हणजे ती खायला हो म्हणाली.

"तू इचारी ले. तू शिकेल शे, तुले समजस."

ती इतक्या सहज म्हणाली, आणि त्या क्षणापासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. अंडं पोटात गेलं तर माळ उतरवावी लागेल, असं ती मानते. माझ्या जन्माआधीपासूनची ती माळ.

बर्गर आले. पावाला आतून पांढरा सॉस लावलेला होता. मागच्या वेळी मी तो पाहिलाच नव्हता. शेजारच्या टेबलावर एकजण ऑम्लेट खात होता.

"हा सॉस कशाचा?" मी वेटरला विचारलं.

"मेयो, सर. व्हेज."

मेयोत एरवी अंडं असतं. "डबा दाखवता?"

डब्याऐवजी तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर फार गोड हसला. मला ते हसणंच खटकलं.

"बिनधास्त खा काकू, जैन आहे."

"पाव कुठं भाजता?" मी विचारलं. "ऑम्लेटच्याच तव्यावर?"

"तवा वेगळा आहे, सर."

"रविवारच्या गर्दीतही?"

"आता गर्दीत, सर..." तो थांबला. "पुसून घेतात ना पोरं."

माय माझ्याकडे बघत होती. बर्गरला तिनं अजून हात लावला नव्हता. "काय म्हनस तो? तुले खात्री शे का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिनं लगेच खाल्लं असतं, आणि मला इतकी वर्षं हवं होतं तेच झालं असतं.

"नई, माय."

"मंग ऱ्हाऊ दे." तिनं ताटली माझ्याकडे सरकवली. चेहऱ्यावर नाराजी नव्हती. लिंबू सरबत मागवलं, तेही ग्लास स्वतः धुऊन आणल्यावर प्यायली.

मी एक बर्गर खाल्ला. दुसरा बांधून घेतला. जिना उतरताना ती मधेच थांबली.

"त्या गाडीवालाना बर्गरमा खरंच नव्हतं ना रे?"

"तोच तर सांगायचा, माय."

"तो त तसंच सांगी."

त्याचा पाव कुठल्या बेकरीचा होता, त्या बेकरीत काय काय होत असे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी बी.ए. झालो, पण हे आता कुणाला विचारणार?

खालच्या पायरीवर तिनं पदर सावरला. "जाऊ दे. मी त्याले इचारं व्हतं," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.