दोरीवरचं जळमट

मुलीनं परदेशातून एक बाटली पाठवली. खाली लाल प्लॅस्टिकची फुलं, आत साखरेचं पाणी भरायचं. तिकडे म्हणे थंडी सरली की परसात अशा बाटल्या टांगून इवल्या पाखरांची वाट बघतात. ते पाखरू आपल्याकडे नाही, पण शिंजीर आहे. तोही अंगठ्याएवढाच, बाकदार चोचीचा, फुलांतला मध पिणारा. नेरूळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी बाटली टांगली.

वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. महिनाभर पाणी बदललं. मुंग्या आल्या, शिंजीर नाही. मुलगी रोज फोनवर विचारायची, "आई, आला का गं?"

"तुझ्या बाटलीत मुंग्यांचं लग्न लागलंय," मी वैतागून सांगायचे.

त्यात पाडवा आठ दिवसांवर आला. पाडव्याला घरात जळमट राहिलेलं मला अजिबात खपत नाही, अख्ख्या सोसायटीला ते माहीत आहे. आणि नेमकं गेले पंधरा-वीस दिवस गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर एक जळमट सारखं लोंबत होतं. कोळ्याचे धागे, वाळकी पानं, सालपटं, सगळा कचरा. मी झाडूनं ओढून टाकायचे, चार-पाच दिवसांत तिथंच पुन्हा हजर. तीनदा काढलं. चौथ्यांदा ते मुठीएवढं झालेलं बघून माझं डोकंच फिरलं. मी झाडू हाणला.

"ओ ताई, थांबा!" शिरवण्याहून भांड्यांना येणाऱ्या मावशी आतून ओरडल्या. "जलमट नाय ता! शिंजीर पाखराचा घर हाय. बगा, दार पन हाय त्याला."

खरंच बाजूला बोटभर भोक होतं. आत सावरीचा कापूस अंथरलेला. पण झाडू लागला होता. एक बाजू फाटून घरटं दोन धाग्यांवर लटकत होतं.

"अंडी घालाची येल झाली आसंल तिची," मावशी म्हणाल्या. "आता कुटं जाईल?"

तीनदा मीच तिचं घर मोडलं होतं, आणि वर तिच्याचसाठी साखरेचं पाणी ठेवून ती येत नाही म्हणून चिडत होते. लाज वाटली, खरंच. कपडे घरात वाळत घातले, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि काचेला नाक लावून बसले. पहिल्या दिवशी समोरच्या केबलवर नर ओरडत होता. मादी नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. वारा सुटला की घरटं गरगरायचं आणि ते दोन धागे अजून शाबूत आहेत का, मी बघायचे. मुलीचा फोन मी दोनदा उचललाच नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गॅलरीतल्या खिडकीवरच्या कोपऱ्यातलं तेवढं एक जळमट काढायचं राहिलं होतं. हळूच दार उघडून बाहेर गेले, स्टुलावर चढून झाडू वर नेला, तोच पिवळट पोटाची ती मादी हातभर अंतरावर येऊन फडफडली. तिनं चोचीनं त्या जळमटाचा धागा ओढला, दोरीकडे गेली, फाटलेल्या बाजूला गुंडाळला आणि पुन्हा आली. बाटलीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी झाडू हळूच खाली घेतला.

गुढी यंदा हॉलच्या खिडकीत उभारली. दुपारी शेजारीण आली, काचेतून गॅलरीत वर बघत राहिली.

"अहो, तुमच्याकडे जळमट?"

"राहू दे," मी म्हटलं. "लागतंय."